पात्यावरचं पाणी

फिरत्या बँड सॉची चौकशी करायला आलेला माणूस सहसा तीनच गोष्टी विचारतो. इंजिन किती एचपीचं, ओंडका किती जाडीचा बसेल आणि दिवसाला किती घनफूट कटाई निघेल. यंत्राच्या डोक्यावर बसवलेला प्लास्टिकचा कॅन, त्यातून खाली आलेली बारीक नळी आणि तिच्या टोकाचा छोटा कॉक यांच्याकडे तो बघतही नाही. मग यंत्र दारात येतं, काम सुरू होतं आणि थोड्याच दिवसांत फोन येऊ लागतात. फळी एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ निघते. पातं धार जायच्या आधीच तुटतं. भुशाला जळका वास येतो. चांगल्या लाकडावर निळे-काळे डाग पडतात. या तक्रारींचा माग काढत गेलं की पुष्कळदा त्या कॅनपाशीच येऊन थांबावं लागतं. कॅनमध्ये काय भरायचं, किती सोडायचं आणि कधी बंद करायचं, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे. विषय छोटा आहे, पण ज्याचं पोट या यंत्रावर आहे त्याच्यासाठी मोठा आहे.

हे यंत्र आपल्या वखारीतल्या बँड सॉपेक्षा वेगळं आहे. वखारीत चाकं एकावर एक उभी असतात, पातं चार-पाच इंच रुंद असतं आणि ओंडका ट्रॉलीवर बांधून पात्याकडे ढकलला जातो. फिरत्या यंत्रात ओंडका जागेवर राहतो आणि यंत्राचं डोकं रुळांवरून त्याच्या अंगावरून सरकत जातं. पातं आडवं असतं, रुंदीला साधारण 32 ते 38 मिलिमीटर आणि जाडीला मिलिमीटरच्या जरा वर. त्याचा काप दोनेक मिलिमीटरचा पडतो. गोल आऱ्याचा काप सहज पाच-सहा मिलिमीटरचा असतो. एका ओंडक्यातून इंची फळ्या काढताना दहा काप घेतले, तर चार सेंटिमीटरपर्यंत लाकूड भुशात जायचं वाचतं, म्हणजे दीड फळी. या बचतीसाठीच लोक हे यंत्र घेतात.

पण पातळ पात्याच्या अंगात उष्णता साठवायला जागा नसते. बँड सॉच्या इतिहासात अडचण कायम पात्याचीच होती. लंडनच्या विल्यम न्यूबेरीने 1808 साली अखंड पट्ट्याच्या करवतीचं पेटंट घेतलं, तरी ती करवत पुढची कित्येक वर्षं कामाला आली नाही, कारण पट्टा जोडावर तुटायचा. आन पोलँ क्रेपँ या फ्रेंच बाईंनी 1846 मध्ये जोडाची पद्धत शोधली, तेव्हा कुठे हे यंत्र कारखान्यात शिरलं. चाकं, दांडे, चौकट हे सगळं आधीपासून होतं. सगळं अडलं होतं ते त्या पातळ पोलादी पट्टीपाशी, आणि आजही अडतं ते तिथेच.

आपल्या नवी मुंबईत या यंत्राचं काय काम, असं वाचकाच्या मनात येईल. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली आणि खाडीकाठच्या या गावांवर शहर उभं राहू लागलं. सावली लवकर मिळावी म्हणून रस्त्यांच्या कडेने भराभर वाढणारी झाडं लावली गेली: गुलमोहर, सोनमोहर, पर्जन्यवृक्ष, सुबाभूळ. ती झाडं आता वयात आली आहेत. दर पावसाळ्यात त्यातली काही मुळासकट आडवी होतात. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबाग-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आलं आणि रायगड, दापोलीकडच्या वाड्यांमधल्या सुपाऱ्या, नारळ, आंबे, फणस उन्मळून पडले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला लागून वर गेलं आणि पुन्हा झाडं गेली. त्या वेळी मी पाहिलेले फणसाचे बुंधे असे होते की एकेकातून घराची दारं निघाली असती. त्यातले बरेचसे जळणात गेले, कारण वाडीपर्यंत ट्रक पोचत नव्हता आणि बुंधा वखारीपर्यंत नेण्याचा खर्च लाकडाच्या किमतीहून जास्त होता. ते अजून मनाला लागून राहिलं आहे. बुंधा हलत नसेल, तर यंत्राने बुंध्याकडे जावं, यासाठीच फिरता बँड सॉ असतो.

दुसरं काम न्हावा-शेव्याच्या बंदराचं. 1989 पासून चालू असलेल्या या बंदरातून जाणाऱ्या मालाला पॅलेट आणि खोकी लागतात. निर्यातीच्या लाकडी पॅकिंगला आंतरराष्ट्रीय नियम आहे की लाकडाचा गाभा 56 अंश सेल्सिअसला सलग 30 मिनिटं तापवलेला असावा. या पॅकिंगसाठी परदेशी पाइन चिरलं जातं, आणि पाइनची राळ पात्याला जशी धरते तशी आपल्याकडची फार थोडी लाकडं धरतात.

आता मूळ मुद्दा. बहुतेकांना वाटतं की पाणी पातं थंड करण्यासाठी सोडायचं असतं. त्यात तथ्य आहे, पण अर्धं. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या मशीन शॉपमध्ये ज्याने लेथ चालवला आहे, त्याने कूलंटचा पांढरा लोट पाहिलेला असतो. लोखंड कापताना टूलच्या टोकाशी प्रचंड उष्णता तयार होते आणि ती वाहून नेणं हेच तिथे द्रवाचं पहिलं काम. तोच माणूस लाकडाकडे आला की तसाच लोट सोडतो. लाकडाचं गणित वेगळं आहे. ताज्या ओंडक्यात स्वतःचंच पाणी भरलेलं असतं. धारदार दाताने काढलेला भुसा बरीचशी उष्णता घेऊन बाहेर पडतो. पातं सेकंदाला सुमारे 25 मीटर वेगाने धावतं. चार मीटरच्या पट्ट्याचे त्यात सहा फेरे होतात आणि प्रत्येक फेऱ्यात त्याचा मोठा भाग उघड्या हवेतून जातो. दाताला धार असेल आणि पात्याचं अंग स्वच्छ असेल, तर उष्णता साचत नाही.

घोळ सुरू होतो पात्यावर चीक धरायला लागला की. दात एकाआड एक डावी-उजवीकडे वळवलेले असतात, बाजूला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. तेवढ्याच मोकळ्या जागेत पात्याचं अंग लाकडाला न घासता जातं. पात्याच्या दोन्ही अंगांवर चीक आणि बारीक भुसा यांचा पाव मिलिमीटरचा थर बसला, तर ती मोकळी जागा निम्मी होते. मग अंग घासू लागतं, घासण्याने तापतं, तापल्याने चीक आणखी मऊ होऊन आणखी भुसा धरतो. हे चक्र एकदा लागलं की काही मिनिटांत पात्यावर तपकिरी चकाकी येते आणि बोटाने खरवडली तरी ती निघत नाही.

तापलेल्या पात्याचं काय होतं ते आकड्यांत पाहू. चार मीटर लांबीचं पोलादी पातं 40 अंशांनी तापलं, तर जवळजवळ दोन मिलिमीटर लांबतं. तेवढ्याने ताण उतरतो. त्यातही दातांकडची कड पाठीपेक्षा जास्त तापते, म्हणून पुढची कड ढिली पडते आणि मागची तिला सरळ धरू शकत नाही. पातं गाठीपाशी वर चढतं, मऊ लाकडात खाली उतरतं आणि फळीवर लहर उमटते. अशा वेळी कामगार हँडल फिरवून ताण वाढवतो. तेव्हा काम सुधारतं खरं, पण जेवायच्या सुट्टीत यंत्र तसंच उभं राहिलं की पातं निवतं, आखडतं, चाकांवर गच्च आवळतं आणि दातांच्या खाचेत केसासारखी चीर पडते. दुपारी दुसऱ्याच ओंडक्यावर ते तुटतं आणि दोष पात्याच्या कंपनीला दिला जातो.

म्हणून माझं सांगणं असं की कॅनमधल्या द्रवाचं पहिलं काम पात्यावर काही चिकटू न देणं हे आहे. थंडावा त्याच्या मागून येतो. कोकणातल्या कोणत्याही घरात हे माहीत आहे. फणस फोडायला बसण्याआधी हाताला आणि विळीला खोबरेल लावतात, कारण चीक लागल्यावर धुऊन जात नाही. आधी लावलेला तेलाचा पुसट हात पुरतो. पात्याचंही तसंच. थर बसल्यावर ओतलेलं बादलीभर पाणी जे करत नाही, ते पहिल्या कापापासून चालू असलेला थेंब करतो.

थेंब म्हणजे किती? साध्या नळीतून पडणारे साधारण वीस थेंब मिळून एक मिलिलिटर होतो. सेकंदाला पाच थेंब धरले, तरी तासाला एक लिटरच्या आतच पाणी लागतं. ओल्या आंब्याला हे पुरेसं आहे. कोरड्या आणि चिकट लाकडाला याच्या दुप्पट-तिप्पट सोडावं. याच्या पुढे गेलं की तोटेच वाढतात. भुसा ओला होऊन चाकावरच्या रबरी पट्ट्याला थापला जातो, पातं प्रत्येक फेऱ्याला त्यावरून उडी मारतं आणि यंत्राला ठोके बसू लागतात. फळ्यांवर भुशाचा लगदा राहतो आणि त्याखाली बुरशी धरते. पाणी पडावं कुठे, हेही महत्त्वाचं. पातं लाकडात शिरण्याच्या जरा आधी, गाइड रोलरच्या अलीकडे, पात्याच्या वरच्या अंगावर. कित्येक यंत्रांवर नळी हादऱ्याने सरकलेली असते आणि पाणी सरळ जमिनीवर गळत असतं. कामगाराला मात्र कॅन रिकामा होताना दिसतो, म्हणून तो निर्धास्त असतो.

नुसतं पाणी गुळगुळीत पोलादावर गोळे होऊन घसरतं. त्यात भांडी घासायचा द्रव साबण घातला की ते पसरतं आणि चिकाला पात्यापासून सुटं ठेवतं. वीस लिटरच्या कॅनला चहाचा एक पेला साबण बहुतेक लाकडांना चालतो. फेस येईल इतका घालू नये. पाणी कुठलं घ्यावं यावर कोणी बोलत नाही, पण बोलायला हवं. महापालिकेच्या नळाला मोरबे धरणाचं पाणी येतं, ते उत्तम. पावसाचं साठवलेलं पाणीही उत्तम. उरण-पनवेलच्या खाडीकाठी बोअरचं पाणी मचूळ असतं. त्यातलं मीठ पात्यावर राहतं आणि दातांच्या खाचेत गंजाचे बारीक खड्डे पाडतं. पातं तुटायला सुरुवात होते ती त्या खड्ड्यातूनच.

आता डिझेल. हा आपल्याकडच्या वखारींतला जुना रिवाज आहे आणि त्यावर मी कडक लिहिणार आहे. तळोज्याच्या एका वखारीत एका जुन्या मिस्त्रींनी मला बजावलं होतं, “दादा, पाइनला डिझेलच लागतं. साबणाने काय होतंय?” त्यांचा अनुभव खोटा नव्हता. राळ पाण्यात विरघळत नाही, डिझेलमध्ये विरघळते. पण त्याची किंमत कोण मोजतं ते पाहा. डिझेल रोज हातावर आणि कपड्यांवर राहिलं की कातडी फुटते, खाज सुटते. फळीत मुरलेलं डिझेल पॉलिशला आणि फेव्हिकॉलला धरू देत नाही. त्या फळीचं पोळपाट किंवा धान्याचा कोठा करायची तर सोयच उरत नाही. चाकावरचा रबरी पट्टा डिझेलने फुगतो. यंत्राखालची माती डिझेल पिते आणि पहिल्या पावसात ते नाल्याला मिळतं. शिवाय आगीचं काय? भारतीय मानकानुसार डिझेलचा प्रज्वलनांक किमान 35 अंश असावा लागतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये हवाच तेवढी तापते. तिथे डिझेलने भिजलेला भुसा आणि शेजारी गरम सायलेन्सर, ही जोडी मी कुठल्याही बचतीसाठी पत्करणार नाही.

पाइनच्या राळेवर मार्ग आहे. काम सुरू करण्यापूर्वी, यंत्र बंद आणि चावी खिशात असताना, पात्याच्या दोन्ही अंगांना वनस्पती तेलाचा पुसट हात द्यावा. मग साबणाचं पाणी पहिल्या दातापासून चालू ठेवावं आणि दोन ओंडक्यांच्या मधल्या वेळेत पातं लाकडाबाहेर काही सेकंद पाण्याखाली फिरू द्यावं. तेल कुठलं, याला अर्थ आहे. जवसाचं तेल हवेत वाळून घट्ट पापुद्रा धरतं, म्हणजे ज्या रोगासाठी लावलं तोच रोग. खोबरेल वाळत नाही. फक्त 24 अंशांच्या खाली ते थिजतं, म्हणून जानेवारीच्या सकाळी बाटली उन्हात ठेवावी लागते. चालत्या पात्यावर तेलाचं फडकं धरणारे लोक मी पाहिले आहेत. फडक्याचा एक धागा दातात अडकला तर हात सोडवायला वेळ मिळत नाही. या पुस्तकातलं दुसरं काही पटलं नाही तरी चालेल, एवढं मात्र पाळा.

लाकूड बदललं की कॅनही बदलायला हवा. फणसाचा चीक मुख्यतः सालीत आणि सालीलगतच्या पांढऱ्या भागात असतो. साल आधी काढून टाकली तर निम्मा त्रास जातो, वर सालीत अडकलेली माती-वाळू दातांखाली येत नाही. आंबा सोशिक आहे, पण ओला असतो आणि त्याच्या फळ्यांना बुरशी पटकन धरते, म्हणून पाणी कमीत कमी. सागात स्वतःचं तेल असतं, त्याला चिकाचा त्रास थोडा. पण त्यात सिलिका असते आणि ती धार खाते. सागावर पातं तापलं, तर पाणी वाढवण्याआधी दात पाहावेत. नारळाचा बुंधा बाहेरून कठीण आणि आत मऊ. बाहेरच्या कड्यात धार इतकी झटपट जाते की पाण्याने फार फरक पडत नाही.

बाभूळ, खैर, ऐन, जांभूळ यांची गोष्ट निराळी. यांच्यात टॅनिन भरपूर असतं. बाभळीच्या सालीने तर कातडी कमावतात. ओलं लोखंड आणि टॅनिन एकत्र आलं की निळी-काळी शाई तयार होते. काप अर्ध्यावर असताना इंजिन बंद पडलं आणि पातं तसंच ओल्या लाकडात राहिलं, तर पात्याच्या रुंदीचा काळा पट्टा फळीवर उमटतो. ऑक्झॅलिक अ‍ॅसिडने तो बराचसा निघतो, पण मुळात पडू न देणं सोपं. अशा लाकडाला पाणी जेमतेम ठेवावं, पातं मध्ये थांबवू नये आणि फळी निघाली की लगेच कोरड्या फडक्याने पुसून पट्ट्या घालून रचावी.

पर्जन्यवृक्षाबद्दल मला जरा जास्त लिहावंसं वाटतं, कारण आपल्या रस्त्यांवर तोच सर्वांत मोठा होतो आणि त्याला जळणापलीकडे किंमत मिळत नाही. त्याचा गाभा गडद तपकिरी, वाळताना आखडतो फार कमी, त्यामुळे रुंद फळी फाटत-वाकत नाही. दुसऱ्या देशांत त्याच्या अखंड फळीची जेवणाची टेबलं करतात. आपल्याकडे ते झाड पडलं की तुकडे होऊन ट्रॅक्टरमध्ये जातं. त्याच्या रुंद बुंध्यात पातं बराच वेळ लाकडाच्या आत राहतं, भुसा बाहेर पडायला उशीर होतो आणि नळीचं पाणी पलीकडच्या टोकापर्यंत पोचत नाही. इथे वेग कमी करून चालत नाही. दात हळू सरकला की कापण्याऐवजी घासतो आणि जास्त तापतो. दातांची खाच मोठी हवी, धार नवी हवी आणि पाणी पात्याच्या दोन्ही अंगांवर हवं. रस्त्याकडेच्या झाडात खिळे असतातच. जाहिरातींचे फलक, दिव्यांच्या माळा, केबल, सगळ्यांचे खिळे वर्षानुवर्षं खोडात गाडले जातात आणि साल त्यांच्यावरून वाढते. मेटल डिटेक्टर फिरवल्याशिवाय असा ओंडका यंत्रावर घेऊ नये. खिळ्याभोवती लाकडाला निळा डाग आलेला असतो. कापात तो दिसला की हात आखडावा.

पाण्याने काय होत नाही, हेही सांगितलं पाहिजे. बोथट दात पाण्याने धारदार होत नाही. एका बाजूला जास्त वळलेले दात, वाकडा गाइड रोलर, पात्याची पाठ रोलरच्या कडेला सतत घासणं, यांपैकी कशावरही कॅन हा उपाय नाही. पाठ आणि कड यांत तीनेक मिलिमीटरची फट लागते, ती आधी तपासावी. मी पाहिलेल्या पुष्कळ ठिकाणी धार गेल्याचं लपवायला पाणी वाढवलेलं होतं. पात्याला गरजेपेक्षा जास्त वेळ चालवून वाचवलेले पैसे वाया गेलेल्या फळ्यांत दुपटीने जातात.

कायद्याबद्दल थोडक्यात. यंत्र चाकांवर असलं तरी ते आरागिरणीच आहे. 12 डिसेंबर 1996 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या गोदावर्मन प्रकरणातल्या आदेशानंतर विनापरवाना आरागिरण्यांवर देशभर बंधनं आली आणि 2016 मध्ये केंद्राने लाकूड उद्योगांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. यंत्र घेण्याआधी वनविभागाकडे परवान्याची चौकशी करावी. शहरातलं झाड तोडायचं, तर 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी वेगळी लागते.

पुढच्या प्रकरणांत प्रत्येक लाकडाचा तक्ता दिला आहे. तो घाटाखालच्या हवेत आणि ओल्या-सुक्या दोन्ही लाकडांवर तपासलेला आहे, पण तुमचं लाकूड, तुमचं पाणी आणि तुमचं पातं वेगळं असणार. म्हणून तक्त्यात एक रकाना कोरा ठेवला आहे. त्यात तारीख, लाकूड, कॅनमध्ये काय होतं आणि पातं उतरवताना त्याचं अंग कसं दिसलं, हे लिहून ठेवा. पात्याच्या अंगाकडे रोज पाहणं, हीच सगळ्यात खरी तपासणी आहे.

संध्याकाळच्या कामाचा क्रम आत्ताच देतो, कारण कोकणच्या दमट, खारट हवेत त्याला उद्यापर्यंत थांबता येत नाही. शेवटचा काप झाला की पातं लाकडाबाहेर पाण्याखाली थोडं फिरवावं, म्हणजे ताजा चीक निघून जातो. मग कॉक बंद करून अर्धा मिनिट कोरडं फिरवावं. इंजिन बंद करावं, चावी काढावी, चाकं पूर्ण थांबू द्यावीत. हातमोजे घालून दोन्ही अंगं पुसावीत, तेलाचा हात द्यावा आणि ताणाचं हँडल सैल सोडावं. पावसाळ्यात पातं यंत्रावर ठेवूच नये. घडी घालून कोरड्या जागी टांगावं आणि त्याच्यासोबत चिठ्ठी बांधावी की ते कुठल्या लाकडावर, किती तास चाललं.